इव्ही किंवा हायब्रिडची बॅटरी सांभाळायची कशी? आधी सॉकेट बघा, टक्के नंतर

इव्ही घेतली की सगळे विचारतात चार्ज 80 टक्के करू का 100, पण त्याच्याआधी भिंतीतला सॉकेट बघा. गीझर थोडा वेळ चालतो आणि बंद होतो, गाडी मात्र 16 अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर सलग लोड ओढते. 30 युनिटची बॅटरी जवळपास रिकामी असेल तर 3.3 किलोवॉटने फुल व्हायला नऊएक तास धरा. म्हणून वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग करून घ्या, अर्थिंग नसेल तर बरेच चार्जर लाल लाइट दाखवून सुरूच होत नाहीत आणि आपण उगाच चार्जरला शिव्या घालतो. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. सोसायटीत राहत असाल तर कमिटीला लेखी कळवूनच लाइन ओढा, नंतरची भांडणं वाचतात.

पहिल्यांदा चार्जिंगला लावलं की अर्ध्या-एक तासाने खाली जाऊन प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर चालतंय, पण हात ठेववत नसेल, प्लास्टिकचा वास येत असेल किंवा सॉकेटच्या भोकांपाशी तपकिरी डाग दिसला तर मेन बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या.

आता टक्के. तुमच्या गाडीत एलएफपी सेल (लोह-फॉस्फेटवाले) आहेत का एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले) ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. नेक्सॉन इव्ही, बीवायडी ॲटो 3 यांच्यात एलएफपी आहे, ती अधूनमधून 100 पर्यंत न्यावीच लागते, नाहीतर स्क्रीनवरचे टक्के हळूहळू चुकायला लागतात कारण या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास हलतच नाही. ह्युंदाई कोनासारखी एनएमसीवाली असेल तर रोज 80 वर थांबवा, लांब जायचं असेल तेव्हा आदल्या रात्री फुल करा. दोन्हीत एकच नियम, फुल करून आठवडाभर उन्हात उभी ठेवू नका. गावाला जाताना 50-60 टक्क्यांवर सोडून जा.

बाहेर डीसी फास्ट चार्जरवर 80 टक्के झालं की केबल काढा आणि निघा, पुढे स्पीड इतका पडतो की शेवटच्या 20 टक्क्यांत चहा, वडापाव आणि मागच्याची चिडचिड सगळं होऊन जातं. मे महिन्यात हायवेवर गाडी पळवून आणल्यावर बॅटरी तापलेली असते, तेव्हा चार्जिंग आणखी स्लो झालं तर घाबरू नका, गाडी स्वतःला जपतेय.

घाटाचं एक. महाबळेश्वरला हॉटेलवर रात्री चार्ज करत असाल तर 90 वरच थांबा. पसरणी घाट उतरताना रीजनने, म्हणजे गाडी मंदावताना मोटरच वीज बनवते त्यातून, वीज परत येते, पण बॅटरी आधीच फुल असेल तर ती घ्यायला जागा नाही, मग सगळा भार ब्रेकवर.

स्ट्राँग हायब्रिडवाल्यांना (इंजिन आणि मोटर दोन्ही, बॅटरी चालतानाच भरते) प्लगची भानगड नाही, तुमचं काम दुसरंच. बऱ्याच मॉडेलमध्ये केबिनमधली हवा बॅटरी थंड ठेवते, सीटजवळ जाळी असते, तिच्यावर पिशव्या-चादरी टाकू नका आणि सर्व्हिसिंगला तो फिल्टर साफ करायला सांगा, न सांगता कुणी करेलच असं नाही. आणि इव्ही असो वा हायब्रिड, 12 व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. गाडी महिनाभर उभी राहिली की बऱ्याचदा तीच उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. हायब्रिड दर पंधरा दिवसांनी रेडी मोडमध्ये (डॅशवर READY दिसेल असं) अर्धा तास चालू ठेवा, पण उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये नको, इंजिन मध्येच सुरू होतं. बॉनेट उघडलंच तर नारिंगी वायरींना हात लावू नका, ते काम शोरूमवाल्यांचं.