लपणात बसताना हातपाय ऊबदार कसे ठेवायचे

लपणात, म्हणजे पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून केलेल्या आडोशात, बसून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याची थंडी आणि डोंगर चढणाऱ्याची थंडी यांत फार फरक आहे. चढणारा हलत असतो, त्याचे स्नायू सतत उष्णता तयार करत असतात. आपण तीन-तीन तास एका जागी, मानसुद्धा बेताने वळवत बसतो. मी चौदा हिवाळे पहाटे पाणथळीच्या काठी बसते आहे आणि सुरुवातीची बरीच वर्षं एकच चूक करत होते. बोटं गारठली की आणखी जाड हातमोजे घ्यायचे, पाय गारठले की आणखी एक मोजा चढवायचा.

एका पहाटे खंड्या माझ्यापासून जेमतेम सहा हातांवर येऊन बसला. काठीवर दहिवर गोठलं होतं, त्याच्या चोचीत मासा होता. मी हातमोजा काढून बोट कॅमेऱ्याच्या बटणावर ठेवलं, पण बटण अर्धं दाबलंय की पूर्ण, हे बोटाला कळेचना. खंड्या मासा आपटून, गिळून उडून गेला. त्या दिवशी माझे हातमोजे चांगले जाड होते, पण जाकिटाच्या आतला सदरा चालून आलेल्या घामाने ओला होता.

दोष त्या ओल्या सदऱ्याचा होता. धड (छाती-पोटाचा भाग) गार पडू लागलं की शरीर हृदय-मेंदूची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. बोटांकडे गरम रक्तच पोचलं नाही, तर मोजा काय गरम ठेवणार? मोजा ऊब तयार करत नाही, आहे ती फक्त अडवून धरतो. म्हणून बोटं गार वाटली की मी आधी कानटोपी खाली ओढते, मफलर गळ्याशी घट्ट करते, जाकिटाखाली आणखी एक थर घालते. पंधरा-वीस मिनिटांत बोटांना फरक जाणवतो.

लपणापर्यंतची चाल मुद्दाम थोडं काकडत करा. जाड जाकीट पाठपिशवीत ठेवा आणि घाम फुटणार नाही अशा बेताने चाला. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला कपडा अंगावर ठेवून बसणं फार महागात पडतं. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे मोजे बदलणं. तळपायाला घाम भरपूर येतो, आणि चालताना पाय गरम असल्यामुळे ओल लक्षातही येत नाही. कोरडे लोकरीचे मोजे मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जाकिटाच्या आत, पोटाशी ठेवते, म्हणजे घालताना ते आधीच कोमट असतात. सुती मोजे नकोतच, ते भिजले की ओल धरून बसतात. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते.

बुटात बोटं मोकळी हलली पाहिजेत. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला, तर रक्त अडतं आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. एकच जाड मोजा घाला आणि बूट एक माप मोठा घ्या. नाड्याही बसल्यावर सैल करा.

जमीन तर वरच्या हवेपेक्षा जास्त छळते. बुडाखाली आणि पावलांखाली फोमचा तुकडा हवाच. व्यायामाच्या जुन्या चटईचे दोन तुकडे कापा, एक बसायला, एक पाय टेकवायला. माझ्या सगळ्या सामानात याच्याइतकं उपयोगी काही नाही.

हातांसाठी मी दोन थर वापरते. आत पातळ, बोटं सुटी असलेले मोजे आणि वर चारही बोटं एकत्र राहणारा जाड मोजा. बोटं एकमेकांना चिकटून राहिली की एकमेकांना ऊब देतात. वरचे दोन्ही मोजे दोरीने जोडून ती दोरी बाह्यांतून घेतली, की फोटोच्या वेळी मोजा झटकन काढता येतो आणि खाली चिखलात पडत नाही. तिकाटण्याच्या (कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या) धातूच्या पायांना फोम गुंडाळा, कारण उघड्या हाताने तो धातू धरला की मिनिटभरात सगळी ऊब जाते. मनगट उघडं ठेवू नका. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. जुन्या मोज्याचा पाय कापून मनगटपट्टी करता येते.

गरम होणाऱ्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली की ती गंजते आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून बसण्याच्या थोडं आधी पुडी फोडा. काम झाल्यावर ती हवाबंद पिशवीत घालून सगळी हवा काढली, की उरलेली ऊब पुढच्या वेळी वापरता येते. बंद बुटात हवा कमी असते, त्यामुळे हाताची पुडी तिथे नीट चालत नाही. पायासाठी वेगळी मिळते, ती घ्या. पुडी थेट कातडीवर कधीच ठेवू नका. बधिर झालेल्या जागेला भाजतंय हे कळत नाही.

गार पाण्यात बोट बुडवून ठेवलं, तर आकसलेल्या रक्तवाहिन्या काही मिनिटांनी थोडा वेळ पुन्हा उघडतात, हे ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० साली नोंदवलं होतं. लपणातही कधीकधी बोटं आपोआप गरम झाल्यासारखी वाटतात. त्यावर विसंबू नका, कारण धड गार असलं की ही उघडझाप मंदावते.

दर वीस मिनिटांनी बुटाच्या आत पायाची बोटं पन्नासदा आवळा-सोडा, पोटऱ्या ताणा. पक्ष्यांना याचा पत्ताही लागत नाही. पाणथळ रिकामी असेल, तर हात खांद्यापासून गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकांकडे जातं. सिगारेट टाळा, निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आणखी आकसतात. दारूने गरम वाटतं, पण कातडीकडे धावलेल्या रक्तातून शरीराची ऊब बाहेर जाते.

मुंग्या येणं ठीक आहे. पण बोट पांढरं, मेणासारखं आणि कडक दिसू लागलं तर त्याच क्षणी उठा, समोर कोणताही पक्षी असो. चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. हात काखेत घ्या आणि आडोशाला जा. पुन्हा गारठण्याची शक्यता नसेल तरच ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात बुडवा, आणि डॉक्टरांना दाखवा. थोड्याशा गारव्यानेही कुणाची बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील, तर त्यांनी पुढच्या फेरीआधी तपासून घ्यावं.

घरी आल्यावर बुटातले आतले तळवे काढून वेगळे वाळवा. मी ते त्याच रात्री काढते, कारण सकाळपर्यंत दमट राहिलेला तळवा दुसऱ्या पहाटे पहिल्या तासातच पाय गारठवतो.