थोर चित्रकारांच्या व्यक्तिचित्रांवरून मुद्राचित्र करताना या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक ठशाला हात लावण्याआधीच होते, ती म्हणजे मूळ तैलचित्र जसेच्या तसे उतरवण्याचा हट्ट. तैलरंगात एकमेकींत विरघळणाऱ्या छटा लिनोच्या (म्हणजे कोरून छापायच्या लिनोलियमच्या ठशाच्या) सपाट शाईत येत नाहीत, आणि त्या आणण्याच्या खटपटीत चेहरा ओरखड्यांनी भरून जातो. पिकासोने १९५८ मध्ये धाकट्या क्रानाख या जर्मन चित्रकाराच्या १५६४ मधील स्त्रीचित्रावरून रंगीत लिनोकट (लिनोवरून छापलेले चित्र) केला, तेव्हा त्याच्यापुढे त्या चित्राचे पोस्टकार्ड होते; त्याने त्वचेच्या मुलायमपणाचा नाद सोडला आणि वस्त्रालंकारांच्या नक्षीला ठसठशीत रूप दिले. रेम्ब्रांने १६३९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लिलावात राफाएलने रंगवलेले कास्तिल्योने या इटालियन दरबाऱ्याचे चित्र पाहून रेखाटले आणि त्याच वर्षी स्वतःच्या व्यक्तिचित्राचे एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेले चित्र) केले. त्यात चेहरा त्याचा स्वतःचाच आहे, राफाएलकडून आली ती बसण्याची ढब. काय घ्यायचे हे आधी ठरवावे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते.

ठशावरचे चित्र छापल्यावर उलटे होते, हे ठाऊक असूनही विसरले जाते. मग प्रकाश भलत्याच बाजूने येतो, तलवार दुसऱ्या हातात जाते. ट्रेसिंग कागद पालथा घालून रेखाटन उतरवावे आणि कोरण्यापूर्वी ते आरशात पाहावे.

डोळ्यांपाशी घाई करू नये. बुबुळातील चमक म्हणजे लिनोचा मोहरीएवढा कपचा. तो निघाला की परत बसत नाही, आणि केसभर वर निघाला तरी शांत नजर दचकलेली दिसते. म्हणून आधी गाल व कपाळ कोरून एक प्रूफ (चाचणीची प्रत) काढावे, त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन जागा पक्की करावी आणि मगच हत्यार लावावे. हा अर्धा तास मला फार मोलाचा वाटतो.

रंग आपल्या जागेवरून सरकत असतील, तर प्रत्येक रंगाचा ठसा आणि कागद एकाच कोपऱ्याला टेकतो का, हे पाहावे. ओलसर कागद वाळताना आकसतो, म्हणून दोन रंगांच्या दरम्यान त्याचा ओलावा सारखा राखावा. पिकासोनेही रंगागणिक वेगळा ठसा वापरला होता. पुढे तो एकच लिनो टप्प्याटप्प्याने कोरून छापण्याकडे वळला. बारीक रेषा बुजत असल्यास मात्र ठशाला दोष देऊ नये, रोलरवरची शाई कमी करावी.

प्रतीवर सही करताना ‘क्रानाखवरून’ असे मूळ चित्रकाराचे नाव शीर्षकात अवश्य लिहावे.