कर्करुग्णाचा ‘कॉपर वाढलंय’ म्हणणारा रिपोर्ट कसा वाचावा

कर्करुग्णाच्या रिपोर्टवर सिरम कॉपरपुढे, म्हणजे रक्तातल्या तांब्यापुढे, ‘हाय’ दिसलं की घरातलं कुणीतरी मोबाइल उघडतं, आणि अर्ध्या तासात ‘तांबं गाठीला पोसतं’ इथवर पोचतं. मग ‘तांबं उतरवण्याचे’ उपाय सुरू. प्रयोगशाळेत असे रिपोर्ट तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या जोरावर सांगतो, त्या ‘हाय’चा अर्थ बहुतेक वेळा लोक लावतात तो नसतो.

१. नमुना आणि एकक. रक्त ट्रेस एलिमेंटसाठीच्या (अगदी थोड्या प्रमाणातल्या धातू-खनिजांसाठीच्या) खास नळीत घेतलं होतं ना, हे विचारून घ्या. आकडा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असेल तर त्याला ६.३५ने गुणा, म्हणजे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर मिळेल. प्रौढांत साधारण ७० ते १४० ठीक. बायकांमध्ये थोडं जास्त चालतं.

२. सेरुलोप्लाझ्मिनशिवाय पुढे जाऊ नका. खरी मेख इथे आहे, आणि मीही इथेच आपटलो होतो.

रक्तातलं बहुतेक तांबं मोकळं फिरत नसतं. यकृतात बनणाऱ्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाने ते घट्ट धरून ठेवलेलं असतं. शरीरात कुठेही दाह असला, मग तो गाठीमुळे असो, जंतुसंसर्गामुळे असो की नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेमुळे, यकृत हे प्रथिन जास्त बनवतं. प्रथिन वाढलं की त्याच्या पोटातलं तांबंही मोजणीत वाढलेलं दिसतं. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनीही हेच होतं. ट्रेनमध्ये डबे वाढले म्हणून प्रवासी वाढले, तसं हे. डब्याबाहेर लोंबकळणारे वाढले का, हा प्रश्न वेगळा.

सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णाच्या मुलाला ‘हो, तांबं बरंच वाढलंय’ असं उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्याने वडिलांचं निम्मं जेवण बंद केलं. आधीच वजन घटलेला माणूस आणखी खंगला. सेरुलोप्लाझ्मिनची तपासणी नंतर झाली. तेही तितकंच चढलेलं होतं, म्हणजे जास्तीचं तांबं नव्हतंच. तेव्हापासून एकट्या सिरम कॉपरवर मी तोंड उघडत नाही.

हिशोब सोपा आहे. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधल्या सेरुलोप्लाझ्मिनला ३ने गुणा आणि एकूण तांब्यातून वजा करा. उरतं ते मोकळं तांबं. समजा तांबं १९०, सेरुलोप्लाझ्मिन ६०. १९० वजा १८०, उरले १०. साधारण ५ ते १५ उरणं नेहमीचं, म्हणजे ‘हाय’ असूनही इथे काही बिघडलेलं नाही. उलट विल्सन आजारात, म्हणजे शरीरात तांबं साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, तांबं ८० आणि सेरुलोप्लाझ्मिन १० असू शकतं. एकूण आकडा अगदी सभ्य, पण उरतात ५०, आणि धोका त्यातच.

या बाकीवरही आंधळा विश्वास नको. काही ठिकाणी ३ऐवजी ३.१५ने गुणतात. वरच्याच उदाहरणात मग १०चा १ होतो! शिवाय नेहमीची चाचणी तांबं नसलेलं रिकामं प्रथिनही मोजते, त्यामुळे बाकी कधी कधी उणे येते. उणे आलं तर घाबरू नका, आणि दोन-चार आकड्यांच्या फरकावर वादही घालू नका. सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी रक्तचाचणी, बघा. तेही चढलेलं असेल तर दाहाकडे बोट दाखवायला पुरेसं आहे.

३. रुग्ण तांबं बांधणाऱ्या औषधाच्या चाचणीत असेल तर एकूण आकडा बाजूला ठेवा. टेट्राथायोमॉलिब्डेट हे असं औषध तांब्याला बांधून रक्तातच रेंगाळतं, त्यामुळे एकूण तांबं फसवं दिसतं. म्हणूनच मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या कर्करुग्णांवरच्या पहिल्या चाचणीत सेरुलोप्लाझ्मिन हाच मापदंड धरला होता, आणि ते मूळच्या २० टक्क्यांवर आणणं हे लक्ष्य होतं.

४. ‘काढा’ आणि ‘घाला’ यांच्या भांडणात पडू नका. गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला तांबं लागतं, म्हणून एक गट ते काढू बघतो. दुसरा गट पेशीत तांबं कोंबू बघतो. इलेस्क्लोमॉल हे औषध तांब्याला मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, नेतं, तिथली काही प्रथिनं गोळा होतात आणि पेशी मरते. २०२२मध्ये या मृत्यूला ‘कप्रोप्टोसिस’ नाव मिळालं. पण याच इलेस्क्लोमॉलची मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरची मोठी चाचणी २००९मध्ये थांबवावी लागली होती. डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) आणि तांबं ही जोडी पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या कर्करोगात, वापरून पाहिली, तेव्हा आयुष्य वाढलं नाही, त्रास मात्र वाढला. तांब्याच्या गोळ्या विकणारे कप्रोप्टोसिसची गोष्ट सांगतात, फसलेल्या चाचण्यांची गाळतात.

५. घरातल्या गोळ्यांची यादी करा, झिंक सर्वांत वर. ‘तांबं उतरवायला’ म्हणून मोठ्या मात्रेत झिंक घेणारे बरेच भेटले. झिंकमुळे आतड्याच्या पेशीत मेटॅलोथायोनिन हे प्रथिन वाढतं. ते तांब्याला धरून ठेवतं आणि पेशी झडते तेव्हा तांबंही शरीराबाहेर जातं. हे महिनोन्‌महिने चाललं की हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी उतरतात. केमो चालू असलेल्या माणसात दोष अर्थातच केमोवर जातो आणि पुढचा डोस लांबतो. तांबं भरून दिलं की रक्त बहुधा सावरतं, पण पाय बधिर झाले असतील तर ते पूर्ववत होतीलच असं नाही.

मात्रेसकट ती यादी रिपोर्टलाच टाचा आणि दोन्ही कागद एकत्र कर्करोगतज्ज्ञांपुढे ठेवा.