जुना मिक्सर टाकून द्यायच्या आधी एवढं करून बघा

आमच्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे तांबडा पांढरा रस्सा दोन्ही, त्यामुळं मिक्सरवर सगळ्यात जास्त लोड पण त्याच दिवशी येतो. मागच्या पावसाळ्यात पांढऱ्याचं वाटण अर्धं झालेलं आणि मिक्सरचा आवाज एकदम बदलला, मोकळा घुंऽऽ करत पळायला लागला पण भांड्यातलं खोबरं जागचं हलेना. आई म्हणाली मोटर गेली बघ. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला तर तिथं पण न उघडताच सांगितलं की मोटर गेलीय, नवीन घ्या. मला ते पटलं नाही, कारण मोटर गेली असती तर एवढा पळाला कसा असता? घरी आणून बघितलं तर वरचं दाताचं चाक, म्हणजे कपलर, झिजून पार गोल झालेलं, बस एवढंच. तो मिक्सर अजून चालतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण चांगले मिक्सर असेच भंगारात जातात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे बोर्डातनं पिन काढा. नुसतं बटण बंद करून हात घालू नका, पिन बाहेर पाहिजे. मग मिक्सर काय काय करतोय ते नीट आठवा, निम्मं उत्तर त्यातच असतं.

अजिबातच चालू होत नसेल तर आधी त्या बोर्डावर दुसरं काहीतरी लावून बघा. बोर्ड बरोबर असेल तर मिक्सर उलटा करा, बुडाला एक छोटं बटण असतं, बऱ्याचदा लाल, ते ओव्हरलोडचं. भांडं गच्च भरलं किंवा लई वेळ चालवला की ते आपोआप बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो, मोटर जळू नये म्हणूनच दिलेलं असतं ते. दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बटण आत दाबा, भांडं निम्मं रिकामं करा आणि परत लावा. कितीतरी लोकांना हे बटण आहे हेच माहीत नसतं.

मोटर पळतेय पण पातं फिरत नाही, हे आमच्यासारखं. मिक्सरच्या वर मधोमध जे दाताचं चाक असतं ते कपलर, भांड्याच्या बुडाला पण तसंच एक असतं आणि दोन्ही एकमेकात बसून पातं फिरतं. दात झिजून गोल झाले असतील किंवा आजूबाजूला प्लास्टिकचा भुगा पडला असेल तर तेच गेलंय. काढताना एक हात मोटरची दांडी धरायला पाहिजे, बऱ्याच मिक्सरमध्ये खालच्या बाजूनं दांडीच्या टोकाला खाच असते, त्यात स्क्रूड्रायव्हर लावून धरायचं आणि वरनं कपलर फिरवायचं. इथं लक्ष द्या, बहुतेक मिक्सरला उलटे आटे असतात, म्हणजे नेहमी आपण ज्या बाजूला घट्ट करतो त्या बाजूला फिरवलं की ते सुटतं. मी नेहमीसारखं फिरवत बसलो आणि जोर लावून ते निम्म्यातनं तोडलं, मग तुकडे पकडीनं काढायला तासभर गेला. आधी दोन्ही बाजूंनी हळू बघा, मग जोर लावा. आणि नवीन आणायला जाताना जुनं कपलर खिशात टाकून न्या, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तोंडी सांगून मिळत नाही. एक जादा आणून ड्रॉवरमध्ये ठेवा, स्वस्त वस्तू आहे.

आता भांडं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त भानगडी इथंच असतात, मशीन बिचारं विनाकारण बदनाम होतं. भांडं उलटं धरा आणि खालचं चाक बोटानं फिरवा. सहज फिरलं पाहिजे. जाम असेल तर आत मसाला वाळून बसलाय, गरम पाण्यात अर्धा तास ठेवा आणि हळूहळू मोकळं करा, तसंच मिक्सरवर लावून जोरात चालवू नका, मोटर तिथंच जळते. उलट चाक डावीकडं उजवीकडं हलत असेल तर बुश गेलाय, म्हणजे पात्याची दांडी ज्यात फिरते ती नळी झिजलीय. खात्री करायची तर भांड्यात पाणी भरून कागदावर दहा मिनिटं ठेवा. आमच्या चटणीच्या भांड्याखाली कागदावर काळपट डाग पडला होता, म्हणजे ते काळं पाणी खाली मोटरवर तर जातच होतं पण थोडंफार वाटणात पण येत असणार, हे बघून आईनं ते भांडं त्याच दिवशी बाजूला ठेवलं. बुश, वायसर आणि पातं बदलून मिळतं, अख्खं भांडं नवीन घ्यायची गरज नसते.

मधेच बंद, हलवलं की चालू, आणि जाळीतनं मोठ्या ठिणग्या दिसतात, तर बहुतेक कार्बन (मोटरला आतनं करंट देणारे ब्रश) संपलेत. मोटरला दोन बाजूंनी दोन कार्बन असतात, घासत घासत लहान होतात. बारीक निळसर ठिणगी असतेच, तिला घाबरू नका. बदलताना दोन्ही बदलायचे, आणि बदलल्यावर दोन-चार मिनिटं रिकामाच चालवायचा म्हणजे ते नीट बसतात. मशीन उघडूनच काढायचे आतले कार्बन असतील तर मी मेकॅनिककडंच देतो, फक्त आधीच सांगतो की जुने कार्बन मला परत दाखवा.

इतकं करून मिक्सर चालला तरी तो म्हातारा आहे हे ध्यानात ठेवून वापरावा लागतो. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही. सुकं खोबरं तुकडे करून टाकू नका, किसून भाजा. खसखस अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. भाजलेला कांदा पूर्ण गार होऊ द्या, गरम घातला की वाफेनं झाकण उडतं आणि अंगावर येतं. एकदम तीनवर नाही, एकवरनं सुरू करायचं, अर्धा-पाऊण मिनिट चालवून थांबायचं, चमच्यानं खालीवर करायचं, परत चालवायचं. वेळ जास्त लागतो हे खरंय पण वाटण चांगलं बारीक येतं. आणि उन्हाळ्यातल्या वर्षाच्या चटणीच्या मिरच्या, धणे, मसाले हे घरच्या मिक्सरवर करूच नका, त्याला डंकच, म्हणजे मिरची कुटायची गिरणीच, पाहिजे. आम्ही घरी फक्त त्यात घालायचा कांदा लसूण वाटतो, तो पण चार-पाच घाण्यात.

काही वेळा मात्र हट्ट सोडायचा. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बंद, टेप गुंडाळून चालवायचा नाही. रिकामा चालवला तरी जळका वास येतोय, किंवा नुसता गुरगुरतोय आणि फिरत नाही, तर वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) किंवा बेअरिंगचं काम आहे, तिथं आधी खर्च विचारा, नव्याच्या निम्म्यावर गेला तर मी करत नाही. आणि पुराचं पाणी आत गेलेलं मशीन वरनं वाळलेलं दिसलं म्हणून लावू नका. 2019 ला आणि परत 2021 ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा लोकांना घर धुवून झाल्या झाल्या मिक्सर, फ्रिज लावायची घाई झालेली. आत गाळ बसलेला असतो, तो उघडून साफ करून, पूर्ण वाळवून, मेकॅनिकनं तपासल्याशिवाय पिन लावायची नाही.

नवीन घ्यायची वेळ आलीच तर जुन्याची चांगली भांडी टाकून देऊ नका, आधी नव्या मिक्सरवर बसतात का ते दुकानातच लावून बघा. आईचं ते छोटं चटणीचं भांडं नवा बुश टाकून परत वापरात आलंय, त्यात शेंगदाण्याची चटणी जशी होते तशी दुसऱ्या कुठल्याच भांड्यात होत नाही.