प्रशियन ब्लू बनवताना या चुका टाळा

फेरिक क्लोराइडमध्ये पोटॅशियम फेरोसायनाइड पडले की निळा साका (न विरघळणारा गाळ), म्हणजेच प्रशियन ब्लू, क्षणात तयार होतो, आणि तिथेच फसगत होते. निळा रंग मिळाला म्हणजे पुस्तकातले रेणुसूत्र मिळाले असे नव्हे. लोह आणि सायनाइडच्या या स्फटिकजाळीत पोटॅशियम किती अडकले, फेरोसायनाइडच्या किती जागा रिकाम्या राहिल्या, हे ओतण्याचा क्रम आणि वेग ठरवतात.

पहिली चूक तराजूवरच होते. गोव्याच्या पावसाळ्यात फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेटचे पिवळे खडे ओल शोषून चिकट होतात. त्यांचे वजन घेतले तर लोह हिशेबापेक्षा कमी भरते. द्रावण अंदाजे करावे, अनुमापनाने (टायट्रेशनने) प्रमाणित करावे आणि मगच वापरावे. त्याऐवजी फेरिक अमोनियम तुरटी घेण्याचा मोह होतो, पण अमोनियम आयनही जाळीच्या पोकळीत जाऊन बसतो. पाणी डिआयनाइज्डच हवे. जांभ्या दगडाच्या विहिरीतल्या पाण्यात लोह असू शकते.

पोटॅशियम कमी असलेला पदार्थ हवा असेल तर फेरिक आणि फेरोसायनाइड यांचे मोलप्रमाण ४:३ ठेवा. फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट १.०८ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरोसायनाइड ट्रायहायड्रेट १.२७ ग्रॅम, प्रत्येकी ४० मिलिलिटर पाण्यात. फेरोसायनाइड फेरिकच्या द्रावणात थेंबाथेंबाने, ढवळत, अर्ध्या तासात घाला. उलटे केले तर सुरुवातीला फेरोसायनाइड जास्त असते आणि पोटॅशियमयुक्त, ‘विद्राव्य’ म्हणवला जाणारा निळा बनतो. तो खरे तर विरघळत नाही, कलिल (पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) होऊन गाळणकागदातून निसटतो.

धुतानाही हेच घडते. क्षार निघून गेला की साका पुन्हा कलिल होतो आणि गाळलेले पाणी निळे दिसू लागते. सेंट्रिफ्यूज वापरा, शेवटच्या धुण्यात पाणी आणि इथेनॉल निम्मे-निम्मे घ्या. वरच्या पाण्यात थायोसायनेटने (ते फेरिकशी लाल रंग देते) लाल रंग येणे थांबेपर्यंत धुवा. आम्ल निघून जावे म्हणून अल्कली मात्र घालू नका. जाळी तुटून तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड उरते.

आता रचना. १९७७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लुडी आणि सहकाऱ्यांनी एकस्फटिकावरून दाखवले की चार लोह(३), म्हणजे फेरिक, आयनांमागे तीन फेरोसायनाइड असल्याने एक चतुर्थांश फेरोसायनाइड जागा रिकाम्या असतात. त्या भागात पाणी लोहाला बांधले जाते. अशा एका सूत्रामागे एकूण पाणी १४ ते १६ रेणू. सुकवलेला नमुना उघडा ठेवला की त्यातले पाणी हवेतून परत येते, म्हणून ‘कोरड्या’ वजनावरून काढलेले सूत्र सहसा चुकते. लोह आणि पोटॅशियम मोजा, पाण्यासाठी थर्मोग्रॅव्हिमेट्री (तापवताना वजनातली घट मोजणे) करा.

अवरक्त वर्णपटात सायनाइडचा पट्टा सुमारे २०८० प्रति सेंटिमीटरला हवा. २०४० च्या आसपास पट्टा दिसला तर न धुतलेल्या फेरोसायनाइडचा संशय घ्या. क्ष-किरणांना कार्बन आणि नायट्रोजन जवळजवळ सारखेच दिसतात, इलेक्ट्रॉन सहा आणि सात. त्यामुळे सायनाइडची दिशा, म्हणजे त्याचा कार्बन कोणत्या धातूकडे आहे, गृहीत धरू नये. याच जातीचे क्रोमियमयुक्त संयुग लोह(२) हेक्सासायनोक्रोमेट(३) विटकरी असते. निर्वातात सुमारे १०० अंशांवर ते हिरवे होते, कारण सायनाइड उलटतो. असा नमुना ओव्हनमध्ये ‘नीट सुकव’ म्हणणे ही चूकच.

टाकाऊ द्रावण आम्लाच्या बाटलीत कधीही टाकू नका. फेरोसायनाइड बरेच स्थिर असले तरी तीव्र किंवा गरम आम्लात हायड्रोजन सायनाइड देते. पोटॅशियम टेट्रासायनोनिकलेट हे निकेलचे सायनाइड संयुग तर त्याहून लवकर. वेगळी, क्षारीय (अल्कलीयुक्त) आणि लेबल लावलेली बाटली ठेवा.