डिबेट बघताना आधी आवाज बंद करा

प्रायमरीची, म्हणजे अमेरिकेत पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, डिबेट लागली की पहिली दहा मिनिटं मी टीव्ही म्यूट करते. नवरा वैतागतो, वैतागू दे. तुम्हीही करून बघा. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा वाचा: ओठ मुडपतो का, मान कुठे वळते? २००८ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डिबेटमध्ये प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन ‘बऱ्यापैकी आवडण्याजोग्या’ आहेत, असं ओबामा म्हणाले, तेही खाली कागदाकडे बघत. शब्द कौतुकाचे, पण सूर खडूस! तीन दिवसांनी तिथली प्रायमरी हिलरी जिंकल्या. (कारण तेवढंच नसणार.)

मग आवाज लावा आणि पाठांतर पकडा. फेब्रुवारी २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या डिबेटमध्ये ख्रिस क्रिस्टींनी प्रतिस्पर्धी मार्को रुबिओंची घोकंपट्टी भर मंचावर दाखवून दिली, तरी रुबिओंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. टायचा रंग वगैरे सोडून द्या.