पोलिसांनी मारलं, केस करायची आहे? या चुका टाळा

ठाण्यात कोर्टनाक्यावर वकिलाच्या फायली सांभाळता सांभाळता एक गोष्ट पक्की कळली. पोलिसांच्या मारहाणीची केस कोर्टात क्वचित पडते. ती दवाखान्यातच पडलेली असते.

केसपेपरवर डॉक्टर एक ओळ लिहितो, कसं लागलं याची. शिपाई शेजारीच उभा, माणूस भेदरलेला, तोंडातून निघतं, "पडलो." झालं! पुढे सरकारी वकील तीच ओळ वाचून दाखवतो. खरं काय ते तिथेच सांगा, आणि काय लिहिलंय ते वाचून घ्या. अटक झाली असेल तर वैद्यकीय तपासणी आणि तिच्या अहवालाची प्रत हा बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 53 प्रमाणे हक्क आहे. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे नेतात, तेव्हा "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" या प्रश्नाला नुसती नकारार्थी मान हलवून येणारे कितीतरी. सदरा वर करून वळ दाखवा, नोंद घ्यायला सांगा. अटक न दाखवता सोडलं असेल तर त्याच दिवशी सिव्हिलला किंवा कळव्याच्या, वाशीच्या पालिका रुग्णालयात जाऊन एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी लागणारी जखमांची अधिकृत नोंद, करायला सांगा. फोटो रोज काढा. वळ आधी लालनिळा असतो, मग हिरवट-पिवळा होतो, आणि त्या रंगांवरून मार किती दिवसांचा याचा अंदाज येतो.

सोडताना पुढे येणारा "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" हा जबाब न वाचता सही करू नका. केलीच असेल, तर सही कशी घेतली ते त्याच रात्री आयुक्तालयाला लेखी कळवा.

तक्रारअर्ज कुणाकडे द्यायचा, या पत्त्याचा घोळ आपल्याकडे खास. दिघा-ऐरोली ठाणे तालुक्यात, पण पोलीस नवी मुंबईचे. पनवेल-उरण रायगडात, तरी पोलीस नवी मुंबईचेच. मीरा-भाईंदरचं आयुक्तालय 2020 पासून वेगळं. ठाण्याच्या एसपींकडे फक्त ग्रामीण भाग. चुकीच्या टेबलावरचा अर्ज महिनोन् महिने फिरतो, आणि पोच घेतली नसेल तर दिलाच नव्हता असं ठरतं.

हे महिने महाग पडतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यावरच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, वर महिन्याची आगाऊ नोटीस. सरकारला प्रतिवादी केलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची. म्हणजे हातात उरले चार. मारहाण हे कर्तव्यच नव्हे, म्हणून ही मुदत लागू नाही, असं वकील मांडतात. पण तो वाद मुद्दाम कशाला ओढवून घ्यायचा? राज्य मानवाधिकार आयोग वर्षापलीकडची घटना चौकशीला घेत नाही. नुकसानभरपाईसाठी हायकोर्टात रिट याचिकाही करता येते. 1993 मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला सुप्रीम कोर्टाने दीड लाख दिले होते.

पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्ही चित्रणासाठी माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघत बसू नका. चित्रण 18 महिने ठेवा, ते शक्य नसेल तिथे किमान वर्षभर तरी, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय. पण "कॅमेरा बंद होता" हे उत्तर आम्ही पाठ केलंय. तारीख, वेळ, खोली लिहून चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या.

आणि वाढवून लिहू नका. दोघांनी मारलं तर दोघांनीच. पोलिसाचा बक्कल नंबर आठवतो तेवढा लिहा, अर्धा असला तरी. नावाची पट्टी काढून ठेवली असेल तर तेही लिहा.